चिंधीनं गाळलेली ओळ

राहेल उजगरे एकवीस वर्षांची होती, तेव्हा मिशननं तिला नगरहून घाटाखालच्या कर्जतला धाडलं. साल पंचेचाळीस, लढाई नुकतीच संपली होती. कर्जतला गौराबाई नावाच्या वयस्क प्रचारक बाई भाड्याच्या खोलीत राहत. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, त्यामुळे डोंगराकडचं काम राहेलकडे आलं. आठवड्यातून दोनदा ती मिळेल त्या बैलगाडीनं कशेळ्याला जाई आणि तिथून दीड तास चालून एका ठाकूरवाडीवर पोचे. पिशवीत दोन पाट्या, गंधकाचं मलम, गोष्टींची रंगीत चित्रं आणि दुपारची भाकरी.

ती घरोघर बसून शिकवी. बाराखडी, पाणी उकळून पिणं, खरजेवर मलम कसं लावायचं आणि शेवटी येशूची एखादी गोष्ट. लोक चित्रं फार निरखून बघत. मेंढपाळाच्या चित्रावर एका म्हाताऱ्यानं विचारलं की एवढी मेंढरं आणि राखायला कुत्रं एकही कसं नाही? राहेलनं पुढचं चित्र काढलं.

वाडीच्या वरच्या टोकाला पदू आणि चिंधी राहत, खालच्या टोकाला कमळ्या आणि भागी. ही दोन घरं एका अंगणात बसत नसत, म्हणून राहेलला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. कारण तिला हळूहळू कळलं. दोन वर्षांपूर्वी रानात लाकूडतोड चालली होती. कमळ्यानं घाव घातलेलं ऐनाचं झाड भलत्याच अंगाला कललं आणि पदू-चिंधीचा सतरा वर्षांचा एकुलता मुलगा त्याखाली गेला. पंचांनी सगळ्यांना विचारून हा अपघातच असं ठरवलं. चिंधीनं ते ऐकून घेतलं, पण त्या दिवसापासून खालच्या घराचा विस्तवही घेतला नाही.

चिंधी शिकायला सगळ्यांत हुशार. प्रभूची प्रार्थना तिनं दोन खेपांत पाठ केली. फक्त एका ठिकाणी ती थांबे. जसं आम्ही आमचा अपराध करणाऱ्यांना माफ केलं, तसं तू आम्हाला माफ कर, ही ओळ आली की तिचे ओठ मिटत आणि पुढच्या ओळीला ती पुन्हा सगळ्यांत मिसळे. राहेलला वाटलं, अर्थ कळला नसेल. तिनं तो गोड शब्दांत समजावला, शाळेत तिला समजावला होता तसाच.

चिंधीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बाई, तुला कुणी दुखवलंय? तू कुणाला माफ केलंयस?"

राहेल आठवू लागली. बोर्डिंगातल्या एका मेट्रनशिवाय तिला कुणी आठवेना.

कर्जतला परतल्यावर तिनं हे गौराबाईंना सांगितलं. त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की ती ओळ तिच्याकडून वदवून घेऊ नकोस, खोटं म्हणणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत.

पुढच्या श्रावणात एका सकाळी राहेल वाडीवर पोचली तर कमळ्याच्या दाराशी बाया गोळा झालेल्या. भागी आदल्या दुपारपासून अडली होती. कमळ्या भिंतीला टेकून बसला होता, तोंड मेलेल्यासारखं. वाडीची सुईण एकच होती, चिंधी. तिला बोलवायला कुणी गेलं नव्हतं, आणि जायचं नाव कुणी काढत नव्हतं.

राहेल चिखलातनं वर धावली. चिंधी उतारावरच्या नाचणीत तण काढत होती. वाटेत राहेलनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, पण तिला दम लागला होता आणि चिंधीनंच आधी विचारलं.

"कोण अडलंय?"

"भागी. कालपासून."

चिंधी पुन्हा वाकली. आणखी थोडं तण उपटून तिनं बांधावर टाकलं. राहेल उभीच राहिली. मग चिंधीनं पाटाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले, ओचा आवळला आणि ती उतार उतरू लागली. कमळ्याजवळून ती गेली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

आत अंधार होता. चिंधीनं भागीच्या पोटावर तळवे ठेवले आणि डोळे मिटले. पोर आडवं होतं. तिनं तेल मागितलं, राहेलला भागीचे खांदे धरायला सांगितलं आणि वरून दाबत, थांबत, कळ ओसरली की पुन्हा दाबत ती पोराला फिरवू लागली. किती वेळ गेला ते राहेलला कळलं नाही. भागी ओरडून ओरडून थकली, तशी चिंधी तिच्याशी बोलू लागली, अगदी हळू आवाजात, लेकीशी बोलावं तसं. दुपार कलताना मूल बाहेर आलं. निळसर, मुकं. चिंधीनं त्याच्या तोंडातली घाण आपल्या तोंडानं ओढून थुंकली, फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. आणि ते रडलं.

मुलगा होता.

चिंधीनं नाळ कापली, त्याला पुसून फडक्यात गुंडाळलं. मग ती त्याला धरून नुसती बसून राहिली. नगरच्या मोठ्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी वाटायचं त्याहून कितीतरी मोठं काहीतरी त्या कुडाच्या खोलीत होतं, आणि त्याच्यापुढे आपण फार लहान आहोत असं राहेलला वाटलं.

चिंधी उठली, दारात गेली आणि मूल कमळ्यासमोर धरलं. कमळ्यानं दोन्ही हात पुढे केले, पण त्याला ते नीट घेता येईना. चिंधीनं आपला हात त्याच्या हाताखाली घातला.

"नीट धर," ती म्हणाली. "मान सांभाळ."

कमळ्या रडू लागला. ती थांबली नाही. वार पडायची होती, आत काम होतं.

सगळं उरकल्यावर ती सरळ आपल्या शेतात गेली. राहेल तिच्यामागे गेली आणि शेजारी बसून तण काढू लागली. तिसऱ्या मुठीला तिनं नाचणीच उपटली. चिंधीनं ती तिच्या हातातनं घेतली, पुन्हा मातीत खोचली आणि मग आपल्या मुलाबद्दल बोलू लागली. त्याचं नाव गोमा. त्याला मध काढायचा नाद होता, पोहता येत नव्हतं, आणि झोपेत तो हसायचा. ती पाऊण तास बोलत होती. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. राहेलनं बायबलातलं कसलंही वचन सांगितलं नाही, ऐकलं फक्त.

चिंधी पुढे दहा दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला खालच्या घरी जात राहिली. कमळ्याशी मात्र ती बोलत नसे. त्या वाडीत पुढेही कुणी बाप्तिस्मा घेतला नाही. दिवाळीनंतर एका शुक्रवारी राहेल नेहमीप्रमाणे वरच्या अंगणात चित्रं मांडत होती, तेव्हा भागी मूल छातीशी धरून चढण चढत आली आणि कडेला उभी राहिली. चिंधीनं सरकून घोंगडीवर जागा केली.