पासात न बसणारी रेघ

"आधी उभ्या घड्या घाल, मग आडव्या. आणि घाई करू नकोस गं, चुकीची घडी कागद जन्मभर विसरत नाही."

छापखान्यातल्या घडीवालीचे हे बोल मी जगात आल्यावर सर्वांत आधी ऐकले. नव्याने कामाला लागलेल्या बाईला ती शिकवत होती आणि तिच्या तळव्याखाली होतो मी. मित्रांनो, मी आगगाडीच्या रस्त्यांचा एक जुना नकाशा. आता माझ्या कडांना चिकटपट्टी लागली आहे आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोके पडली आहेत. पण कीव करून घ्यायला मी तोंड उघडलेले नाही. मला भांडायचे आहे, फक्त आवाज न चढवता.

माझा जन्म चार रंगांत झाला. निळ्या रंगाने नद्या आल्या, हिरव्याने डोंगर, लाल रंगाने मोठे लोहमार्ग. काळी शाई शेवटी आली. तिने गावांची नावे लिहिली आणि वर डोंगरात जाणारी एक बारीक, तुटक रेघ ओढली. खाली सूचीत त्या रेघेचा अर्थ छापला होता. छपाईवाला डोळ्याला भिंग लावून त्या रेघेवरच किती तरी वेळ खिळून राहिला. "बाकी काही पुसट आलं तर चालेल. ही दिसली नाही, तर माणूस चुकेल," असे तो म्हणाला. मला तेव्हा फार मोठे झाल्यासारखे वाटले.

पुढे स्टेशनातल्या दुकानातून मला एका सुईणीने विकत घेतले. ती परदेशातून कामासाठी त्या डोंगरातल्या छोट्या गावी आली होती. तिने आपल्या गावाभोवती पेन्सिलीने गोल काढला. सूचीतल्या ओळींशेजारी त्यांचा अर्थ आपल्या भाषेत लिहिला आणि माझ्या पाठीवर दोन वाक्ये लिहिली: "ये. नुसतं तोंड दाखवून पळायचं नाही, चार दिवस राहायला ये." मग तिने मला पाकिटात घालून आपल्या मैत्रिणीकडे, समुद्रापलीकडे धाडले.

ही मैत्रीण शिवणकाम करणारी. घरातले तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो. मावशींनी त्याच दिवशी उलट टपाली लिहिले, "येईन. चार दिवस राहीन. शब्द देते."

ते माझे वैभवाचे दिवस होते! शिवणयंत्राच्या वर, भिंतीवर माझी जागा होती. मापे द्यायला आलेल्या बाया हात पसरून उभ्या राहायच्या आणि उभ्या उभ्या माझ्यावरची गावे वाचायच्या. नावे अशी काही उच्चारायच्या की त्या गावांनी कानांवर हात ठेवले असते. "इथं माझी मैत्रीण असते," असे म्हणून मावशी पेन्सिलीच्या गोलावर बोट ठेवायच्या. पण दर वर्षी काही ना काही निघायचे. कधी आजारपण, कधी लग्नसराईची शिवणे, कधी पोरक्या भाच्याचे शिक्षण.

मग भिंतींना रंग लागला आणि मी खाली उतरलो. घरात फोन आले, त्या फोनात नकाशे आले. एके दिवशी शिवणयंत्र डुगडुगू लागले, तेव्हा कोणीतरी माझी चौकोनी घडी करून मला त्याच्या पायाखाली सारले. सात वर्षे मी तिथे होतो. वरून धडधड, खालून फरशीची ओल. रुसून बसलो नाही, मित्रांनो. यंत्राला एकदाही हलू दिले नाही.

गेल्या वसंतात सुईणबाईंचे पत्र आले. हात थकले, घर विकले, पावसाळ्याआधी लेकाकडे कायमची चालले, त्याचे गाव दोन विमाने बदलून जावे लागते इतके दूर. "आलीस तर याच उन्हाळ्यात ये. नंतर इथं दार उघडायला मी नसेन." योगायोगाने भाचा आणि भाचेसून सुट्टीला त्याच देशात जायचे ठरवत होते आणि मावशींनाही नेणार होते. मावशींनी यंत्राचा पाय उचलला, मला बाहेर काढले आणि वर ओलसर फडके टाकून कोमट इस्त्री फिरवली. सात वर्षांनी माझी पाठ सरळ झाली.

आता मावशींचा एक नेम सांगायला हवा. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत त्या बोलत नाहीत. दिवसाचा पहिला भाग देवाचा, असे त्या मानतात. वीस वर्षे झाली, एकदाही मोडलेला नाही. घरच्यांना त्याची इतकी सवय की सकाळी मावशी खोलीत आहेत हेच त्यांच्या ध्यानात राहत नाही. आणि घरातले सगळे निर्णय सकाळच्या चहावर होतात!

सहलीचा बेत ठरवायला बसले त्या दिवशीही तसेच झाले. भाचा लॅपटॉप उघडून बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, थांबलेली गोष्ट त्याला बघवत नाही.

"सात दिवसांचा रेल्वे पास. तिघांचे तीन," तो म्हणाला. "कुठंही चढा, कुठंही उतरा. पाच शहरं होतात. फक्त रोज लांबचा पल्ला मारायला हवा, तरच वसूल."

"आणि मावशींची मैत्रीण?" भाचेसुनेने विचारले.

"जंक्शनला उतरायचं, वर जायचं, भेटायचं, तीन तासांत खाली."

"तीन तास? माझी आई तेवढ्या वेळात दारातला निरोपसुद्धा आटपत नाही."

"मग काय पास वाया घालवू? बाराला सवलत संपतेय. मावशी, चालेल ना गं?"

मावशींनी जोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. पण भाच्याचे डोळे पडद्यावर.

"नाही म्हणाली नाही. म्हणजे हो."

"अहो, बाराच्या आत त्या नाही तरी कशा म्हणतील?"

"तेच तर! विरोध नाही कुणाचा."

मावशी उठल्या. मला लॅपटॉपवर, चहाच्या कपांवर, भाच्याच्या हातांवर सरळ पसरले आणि चारही कोपरे टाचण्यांनी मेजावरच्या कापडाला टाचून टाकले.

"अगं मावशी! माझं बोट होतं बटणावर!"

त्यांनी शिंप्याचा खडू घेतला. पेन्सिलीच्या गोलाशेजारी चार उभ्या रेघा मारल्या. मग त्या तुटक काळ्या रेघेवरून बोट खाली आणत सूचीवर टेकवले. भाचेसून वाकून वाचू लागली.

"तुटक रेघ... दुसऱ्या कंपनीची गाडी. तिकीट वेगळं घ्यावं लागतं. बघा, सुईणबाईंनी लिहूनच ठेवलंय. तुमचा पास तिथं चालणारच नाही."

"तीस वर्षांचा कागद तो! मी तेव्हा चड्डी सावरत फिरत होतो. फोनवर सगळं ताजं असतं."

"मग लावा की पास विकणाऱ्या इथल्या कचेरीला फोन. फोन करायलाही वापरून बघा एकदा."

भाच्याने फणकाऱ्याने फोन लावला. पलीकडे तिकिटांचे काम बघणारी बाई होती. आवाज सर्वांना ऐकू येत होता.

"डोंगरावरची गाडी ना? सुरू आहे. पास नाही चालत त्यावर. पुष्कळांना ते गाडीत बसल्यावर कळतं, मग आम्हाला फोन. जलद गाड्यांचंही तेच, पास असला तरी आसन वेगळं राखावं लागतं. तेव्हा आधी ठरवा, किती दिवस फिरणार आणि किती दिवस एका जागी राहणार. राहणाऱ्याला पास महागच पडतो."

मी मेजावर ताठ झालो. इतक्यात ती पुढे म्हणाली, "जुना नकाशा असेल तर सांभाळून हं. मधली दोन स्टेशनं बंद झालीत."

भाचा हसला. खोटे कशाला बोलू, माझा तोरा उतरला. दोन गावे मी सात वर्षे यंत्राखाली उराशी धरून बसलो होतो आणि तिथे गाडी थांबतच नव्हती. तरी पेन्सिलीच्या गोलातले स्टेशन जागेवर होते. तुटक रेघ जागेवर होती. एवढ्यावर मी कोणत्याही फोनशी नजर भिडवीन.

घड्याळात बारा वाजले. भाचा हताशपणे म्हणाला, "गेली सवलत."

मावशी घोटभर पाणी प्यायल्या. त्यांचा आवाज मुळात हळू, त्या दिवशी आणखीच हळू होता.

"आता ऐक. तुम्हा दोघांना पाच शहरं पालथी घालायचीत, तुम्ही पास घ्या. मला नको. मी जंक्शनपर्यंत तुमच्याबरोबर येईन, साधं तिकीट काढून. पुढं एकटी वर जाईन."

"एकटी? तुला तिथली भाषा कुठं येते?"

"निम्मा दिवस मी कुठल्याच भाषेत बोलत नाही. अडलंय कधी?"

भाचेसून तोंड वळवून हसली. भाचा मात्र हट्टाने म्हणाला, "अगं, एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि एकच गाव बघायचं?"

"गाव कोण बघतंय? मी तिला चार दिवस सांगितलेत. तीन तास सांगितले असते, तर पळाले असते तुझ्यामागून."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मग वाकून एकेक टाचणी काढली, कागद फाटणार नाही अशा बेताने.

मित्रांनो, पासाशी माझे वैर नाही. ज्याला धावायचे आहे त्याने तो जरूर घ्यावा. पण वसुलीच्या धास्तीने ज्याला माणसाच्या दारातून पाय काढावा लागतो, त्याने आधी माझ्यासारखा एखादा कागद पसरावा आणि आपल्याला कुठे थांबायचे आहे ते बघावे. तुमच्या घरात असा जुना नकाशा असेल तर त्याच्या फाटक्या घड्यांना मागून पट्टी लावा, ओलीपासून दूर ठेवा, चुकलेली स्टेशने खोडून दुरुस्त करा. आणि तरीही कुणाला आम्हाला यंत्राखालीच सारायचे असेल तर खुशाल सारा. आमच्यावरच्या रेघा तिथेही सरळच राहतील.

त्या उन्हाळ्यात जंक्शनवर सकाळी नऊला भाचा घाईघाईने म्हणाला, "चार दिवसांनी, याच खांबापाशी. मावशी, जपून." भाचेसुनेने मावशींच्या पिशवीत खाऊचा डबा कोंबला आणि दोघे जलद गाडीकडे पळाले.

मावशी तिकीट खिडकीशी गेल्या. बारा वाजायला अवकाश होता. त्यांनी मला फळीवर उलगडले, गोलावर बोट ठेवले आणि मग एक बोट वर केले. खिडकीतल्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवून मला न्याहाळले, काही न विचारता एक तिकीट काढून दिले आणि शेवटच्या फलाटाकडे हात केला.

तिथे दोन डब्यांची छोटी गाडी उभी होती. मावशी कठडा धरून हळूच चढल्या, खिडकीशी बसल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन डोंगराकडे पाहू लागल्या.