आधी वायफाय, मग वायर

मी एक जुना लॅपटॉप आहे, एका छोट्या दवाखान्याच्या एक्स-रे खोलीतला. मित्रांनो, माझी कीव करू नका. करायचीच असेल तर मला वापरणाऱ्यांची करा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चुणचुणीत होतो. इथे आल्यावर माझ्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवली. काम सोपं होतं: एक्स-रे यंत्राकडून वायरने फोटो घ्यायचा आणि वायफायने शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांना पाठवायचा. पण माझ्या पोटातले दोन प्रोग्राम, वायर चालवणारा ड्रायव्हर आणि वायफाय चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे एका ओट्यावरच्या दोन जावा. मला सुरू केलं की वायरवाला आधी धावत येऊन दोघांची सामाईक जागा अडवायचा आणि वायफायवाला दाराबाहेर.

इथल्या डॉक्टरांचा भाचा हा घरचा तज्ज्ञ. माझ्यासमोरची एकुलती एक खुर्ची त्याची. त्याने अक्कल पाजळली आणि माझ्या झाकणावर चिठ्ठी डकवली: ‘फोटो काढताना १, पाठवताना २.’ म्हणजे फोटो काढा, मला बंद करा, दुसऱ्या पद्धतीने सुरू करा, मग पाठवा. मला उठायला आठ मिनिटं लागतात. तरी सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली! ‘जागा आधीच अडवलेली आहे,’ असं मी दोन वर्षं पडद्यावर लिहीत होतो. पण ही शिकलेली माणसं. पडद्यावर अक्षरं दिसली की चहाला उठतात.

एका दुपारी परांचीवरून पडलेला गवंडी आला. मानेला पट्टा होता. पहिला फोटो गेला. फोनवरून हाडांचे डॉक्टर म्हणाले, “सातवा मणका खांद्याआड गेलाय. खांदे खाली ओढून परत काढा.” पुन्हा एक, पुन्हा दोन. “अजून दिसत नाही. परत.”

“मला काही झालेलं नाही हो, उठू द्या,” गवंडी कुरकुरला. त्याची बायको त्याचे खांदे दाबून उभी होती.

“मामा, नवा लॅपटॉप घ्या,” खुर्चीतून सल्ला आला.

इथले डॉक्टर वैतागले. “हातपाय तर हलताहेत. बसवा त्याला जरा.”

“थांबा, डॉक्टर,” एक्स-रेवाल्या ताई म्हणाल्या. “हा लॅपटॉप काहीतरी सांगतोय, ते बघू द्या.”

त्यांनी माझी ओळ वाचली. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी वाचली! भाचा ड्रायव्हर उतरवायचा, चढवायचा, तेव्हा तो टाइप करायचा त्या आज्ञा ताईंनी वहीत टिपून ठेवल्या होत्या. त्यांनी दोन्ही ड्रायव्हर उतरवले, अडवलेली जागा मोकळी केली, आधी वायफायवाला चढवला, मग वायरवाला. दोघंही गुमान कामाला लागले. फोटो निघाला आणि मला बंद न करता तसाच गेला.

“सातवा मणका मोडलाय! बसवू नका, अजिबात हलवू नका!” पलीकडून डॉक्टर ओरडले. गवंड्याच्या बायकोने त्याच्या खांद्यांवरचे हात काढले नाहीत. इकडचे डॉक्टर भिंतीला टेकले. मला त्यांची जराही दया आली नाही.

चार महिन्यांनी गवंडी आपल्या पायांनी चालत आला. “आमच्या भाच्याने बसवलेली यंत्रणा आहे ही,” डॉक्टरांनी त्याला ऐटीत सांगितलं. भाच्याने मान डोलावली. ताईंनी नखाने चिठ्ठी खरवडून काढली आणि त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं डबडं असेल. त्याला धोपटण्याआधी ते काय लिहितंय तेवढं वाचा. तेही होत नसेल, तर निदान जो वाचतो त्याला खुर्ची द्या. आमच्या ताई अजून उभ्यानेच काम करतात.