सतराव्या रांगेतला बाक आणि पंधरा नोव्हेंबर

मित्रांनो, ऊनपावसानं करडा पडलेला, पाठ टेकायची सोय नसलेला मी एक जुना बाक आहे. उत्तर मिशिगनमधल्या हॅरो लेक विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर, सतराव्या रांगेत मला बोल्टांनी आवळून बसवलं आहे. इथल्याच पाइनच्या लाकडातून मला घडवलं. रंधा मारून झाल्यावर सुतार आधी स्वतःच माझ्यावर बसला होता. पुढे चाळीस वर्षं माझ्यावर कॉफी सांडली, पेस्टीचा, म्हणजे खिमा भरलेल्या इथल्या भाजक्या करंजीचा, चुरा पडला, दरवर्षी नवा रंगही लागला. मग रंग बंद झाला आणि मला कुसळं आली. तक्रार नव्हती, माणसं येत होती.

मग आमची जुनी लीग मोडली. शेजारची लीग एकच नवं विद्यापीठ घेणार होती, आम्हाला किंवा दक्षिणेकडच्या ब्रेंटफील्डला. बाहेर राहिलो तर खेळायला कोणी उरणार नव्हतं, म्हणजे आमचा फुटबॉल बंदच. दोघांची तुलना करायला समिती निघाली. आमच्या क्रीडा संचालिका आयला कोस्केला यांनी सामन्यांचं वेळापत्रक पाहिलं आणि घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना निवडून तारीख कळवली: पंधरा नोव्हेंबर, शनिवार.

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. एरवी ती तारीख आडवारी येते, त्या वर्षी नेमकी शनिवारी आली. अख्खं गाव पहाटेच रानात गेलं. माझ्यावर बसले होते एकटे रायमोकाका, तिकीट खिडकीवरचे.

"पोरी, भिंतीवरचं कॅलेंडर नुसतं शोभेला लावलंयस का गं?" ते आयलाला म्हणाले.

"काका, आता तुम्ही नका बोलू. माझा जीव जाळायला मी एकटी पुरेशी आहे."

समितीचे प्रमुख ड्वाइट पेल मध्यंतराला डोकी मोजायचे, ही त्यांची ठरलेली रीत. त्यांनी मोजली आणि वही मिटली.

"थोडं थांबा ना, सर. काकांनी रेडिओवर निरोप दिलाय, येतील लोक."

"बाई, ब्रेंटफील्डलाही मध्यंतरालाच मोजलं. तुम्हाला वेगळा नियम कसा लावू? आणि तारीख तुमचीच होती."

"हो," आयला म्हणाली. "माझीच होती."

त्यांची गाडी गेली. अर्ध्या तासानं फाटकातून शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं आत येऊ लागली. चिखलाचे बूट, थंडीनं लाल झालेली नाकं. माझ्यावर सहाजणांच्या जागेत आठजण दाटीवाटीनं बसले. आम्ही वीस गुणांनी हरलो, तरी शेवटपर्यंत कोणी उठलं नाही. आयला माझ्या टोकाला बसून रडली. मलाही फार वाईट वाटलं.

लीगनं ब्रेंटफील्डला घेतलं. पुढच्या आठवड्यात पाने-हातोडे घेऊन कामगार येतील आणि माझे बोल्ट काढतील.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाला तोलायला, मापायला कुठे गेलात, तर मोजून झाल्याबरोबर उठू नका. थोडा वेळ बसा. आमच्याकडे जागा होती.