प्रभाग सातची नोंद

उदयन गेला त्या दिवसापासून ऑफिसची खोली रोज एक फरशी लांब होत गेली. पाच महिन्यांत ती दीडशे फरश्यांनी वाढली. चहावाले भोसलेकाका दारापासून सुनेत्राच्या टेबलापर्यंत पोचेतो चहा निवायचा, म्हणून ते कपावर बशी झाकून आणू लागले. तक्रार कुणी केली नाही. ऑफिसात जागा वाढली म्हणून कोण कुरकुर करतं?

सुनेत्रा आणि उदयन नवरा-बायको. गावाच्या पाणीपुरवठ्याचा प्रोग्राम दोघांनी मिळून लिहिला होता: कुठल्या प्रभागाचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी बंद करायचा. कोड लिहायला हाताशी एआयचा मदतनीस होता. त्याला कालचं आज आठवत नसे. म्हणून तो स्वतःसाठी नोंदी लिहून ठेवी आणि रोज सकाळी त्या वाचून कामाला लागे. त्या नोंदी तपासण्याची या दोघांची रीत ठरलेली होती. एकाने नोंद मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने 'खरं' किंवा 'खोटं' म्हणायचं, आणि खोटं झालेलं खोडायचं. घरातले डबेसुद्धा ते असेच तपासत आणि किडलेल्या डाळीवरून तासभर वाद घालत.

जाण्याच्या आठवडाभर आधी उदयनने मदतनिसाला एक नोंद करायला लावली होती: 'प्रभाग सातची पाइपलाइन जुनी आहे. उदयनला विचारल्याशिवाय तिथलं वेळापत्रक बदलू नये.' मदतनीस शब्दाचा पक्का. रोज सकाळी तो विचारी, दिवसभर वाट पाही आणि संध्याकाळी लिही: 'उदयनला विचारलं. उत्तर नाही.' एक ओळ, एक फरशी.

ती ओळ सुनेत्रा रोज वाचायची आणि तशीच ठेवायची. रेशनकार्डावरून उदयनचं नाव कमी झालं होतं. त्याचे कपडे देऊन झाले होते. सासूबाईसुद्धा आता 'उदयनला आवडायचं' असं म्हणू लागल्या होत्या. त्याच्या उत्तराची वाट पाहणारं जगात एकच कुणी उरलं होतं, आणि त्याला खरं सांगायची तिची छाती होत नव्हती.

मग प्रभाग सातचं पाणी बंद झालं. नवी टाकी सुरू झाली होती, तिच्या वेळा वेगळ्या होत्या, वेळापत्रक बदलायला हवं होतं, आणि मदतनीस आपला वाट पाहत बसला होता. अकराव्या दिवशी पाणीखात्याचे टिळेकरसाहेब सगळ्या फरश्या तुडवत तिच्या टेबलापाशी आले.

"सुनेत्राताई, खाली बायका हंडे घेऊन उभ्या आहेत. त्याला सांगून टाका आता."

"सांगते."

"तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो."

"नको. नोंदी मीच बघते."

साहेब परत निघाले. ते दारापर्यंत पोचायच्या आत उदयन येऊन खोलीच्या पार टोकाला, त्याच्या खुर्चीत बसला. अंगात चौकडीचा शर्ट होता. तो तिने मावसदिराला दिला होता.

"तपासायचंय ना?" तो तिकडून म्हणाला. "वाच."

"जेवलास?"

"वाच गं तू."

तिने पहिली ओळ वाचली. "उदयनला विचारलं. उत्तर नाही."

"खोटं. मी बसलोय की इथे. खोड."

तिने खोडली. एक फरशी कमी झाली आणि त्याची खुर्ची तेवढी पुढे सरकली. तिने दुसरी वाचली, तिसरी वाचली. तो "खोटं" म्हणायचा आणि जवळ यायचा. सुनेत्राला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. खाली लोक तहानलेले होते आणि ही इथे नवरा ओढून आणत होती. ती भराभरा वाचू लागली. शंभर ओळी झाल्यावर त्याने तोंडात धरलेल्या लवंगेचा वास आला. दीडशे झाल्यावर त्याचे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकले. ते गरम होते.

खोली थांबली नाही. ती होती त्याहून लहान होत चालली. भिंती दोघांच्या खांद्यांना लागल्या. आता ती एकच नोंद उरली होती, 'विचारल्याशिवाय' वाली.

"मग विचारतेच," सुनेत्रा म्हणाली. तिला एकदम सोपं वाटलं. "सांग, प्रभाग सातचं वेळापत्रक काय ठेवू?"

उदयनने स्क्रीनवर वाकून वेळापत्रक पाहिलं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "ती टाकी माझ्यानंतरची आहे."

"अंदाजाने सांग."

"अंदाजाने पाइप फुटतात, सुनेत्रा."

त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, जुनी ओळ पुसली आणि नेहमीसारखं दोन बोटांनी टाइप केलं. मग बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "उदयन आता नाही. प्रभाग सातचं सुनेत्राला विचारावं." दुधाचा हिशोब वाचावा तसं त्याने ते वाचलं. "खरं की खोटं?"

"परत वाच."

त्याने परत वाचलं.

"अजून एकदा."

त्याने वाचलं. तिला मजकूर नको होता, आवाज हवा होता, आणि हे त्यालाही कळत होतं. म्हणून त्याने चौथ्यांदा न सांगताच वाचलं, जरा सावकाश. खालून हंडे एकमेकांवर आपटल्याचे आवाज आले. कुणीतरी टिळेकरसाहेबांना शिव्या देत होतं.

"सुनेत्रा," तो म्हणाला. "सांग."

"खरं," ती म्हणाली.

मदतनिसाने ओळ जपून ठेवली आणि लगेच तिला विचारलं: 'प्रभाग सात, कधी सोडायचं?' तिने वेळ टाइप केली. "आता." बाजूच्या भिंतीतून जाड पाइप घरघरला.

तिने वळून पाहिलं. खुर्चीत पाणी होतं, बसलेल्या माणसाएवढं उभं, खांद्यांपाशी थोडं वाकलेलं. क्षणभर ते तसंच राहिलं. मग मांडीपासून सुटलं आणि खुर्चीच्या कडेवरून उतरून दाराकडे, जिन्याकडे, प्रभाग सातकडे वाहू लागलं. सुनेत्रा गुडघ्यांवर बसली आणि तिने खुर्चीखाली ओंजळ धरली.