लसींच्या फ्रिजचा प्लग

मी विजेची किटली बोलतेय. अंगाला पोचे आलेत, टोपण नीट बसत नाही आणि तळाशी पांढरा थर साचलाय. पण म्हातारपणाची मला लाज नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता चैन पडत नाही.

कारखान्यातून मी दुकानात आले आणि दुकानातून एका घरात. त्या घरातल्या वहिनीनं मला आपल्या नणंदेच्या हातात ठेवलं. म्हणाली, "वन्सं, रात्र रात्र जागता. निदान काहीतरी गरम पोटात जाऊ दे."

नणंद म्हणजे आमच्या सिस्टर. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डात त्या रात्रपाळीच्या प्रमुख होत्या. वॉर्डाच्या टोकाला त्यांची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, चादरींचं कपाट आणि कोपऱ्यात लसींचा फ्रिज. दारावर पाटी होती, विजेची भांडी आत आणू नयेत. सिस्टरनी मला टॉवेलात गुंडाळून त्या पाटीसमोरूनच आत नेलं. म्हणजे माझा गृहप्रवेशच चोरून झाला.

रात्रपाळीची माणसं म्हणजे एक वेगळीच जमात असते. जग अंथरूण घालतं तेव्हा ही वेणीफणी करतात. जग दात घासतं तेव्हा ही झोपायला जातात, आणि दुपारी दोनला कुणाचा तरी फोन येतो, "झोपली होतीस का गं?"

आमच्या खोलीत तिघं जमायची. सिस्टर, लिफ्ट चालवणारा पायलट आणि सफाईच्या मावशी. पायलट हे त्याचं टोपणनाव. तो म्हणायचा, "आम्ही पण वरच जातो की. फक्त ढगांच्या अलीकडे थांबतो." मावशी म्हणायच्या, "अरे, जमिनीवर नीट चालायला शीक आधी. काल माझ्या ओल्या फरशीवरून गेलास तो बुटांसकट."

तिघं एकमेकांना सांभाळून घेत. सिस्टरनी मावशींच्या टाचांच्या भेगांसाठी मलम आणून ठेवलं होतं. पायलट आळीपाळीनं दोघींना घटकाभर डुलकी काढू द्यायचा आणि वॉर्डाच्या दाराशी कान देऊन बसायचा. मेट्रनबाई अचानक फेरीला आल्या तर मावशी लांबूनच बादली जोरात आपटायच्या. आवाज आला की सिस्टर ताडकन उठायच्या, डोळ्यांना पाणी लावायच्या आणि मेट्रनबाई आत येईपर्यंत रजिस्टरात मान घालून बसायच्या. मग मी टॉवेलाखाली. बाई गेल्या की तिघंही तोंड दाबून हसायची. पहाटे तीन-चारच्या सुमाराला, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं तेव्हा, सिस्टर म्हणायच्या, "मावशी, तुमच्या बादलीवर माझी नोकरी टिकून आहे."

मला वाटायचं, माणसांच्या मैत्रीचा मी एक खांब आहे. माझ्या पोटातल्या पाण्याभोवतीच तर ही जमतात.

आता ती रात्र.

सिस्टरची सलग चौथी पाळी होती, बदलीची बाई आजारी पडल्यामुळे. त्यातच टेबलाजवळचा माझा सॉकेट दोन दिवसांपूर्वी ठिणगी पडून मेला होता. तक्रार दिली होती, दुरुस्त करायला कुणी आलं नव्हतं. दीड वाजता सिस्टर उठल्या, मला घेऊन कोपऱ्यात गेल्या आणि लसींच्या फ्रिजचा प्लग काढून तिथं माझा लावला.

पायलट म्हणाला, "सिस्टर, लक्षात ठेवा हं."

"अरे, पाच मिनिटांचं काम. पाणी झालं की लावते."

फ्रिजची घरघर थांबली आणि माझी सुरू झाली. मला त्या वेळी काहीसुद्धा वाटलं नाही. उलट बरं वाटलं. थंडी होती आणि मी गरम होत होते.

पाणी उकळायच्या आतच वॉर्डातून एका आईची किंकाळी आली. नऊ नंबरच्या खाटेवरच्या मुलीचा श्वास अडकला होता. सिस्टर धावल्या. पायलटनं जाता जाता माझा प्लग ओढला. माणूस शहाणा, मागे आग नको म्हणून. पण फ्रिजचा प्लग लावायचं दोघांच्याही ध्यानातून गेलं. तो जमिनीवर तसाच पडून राहिला.

पायलटनं डॉक्टरांना वर आणलं, ऑक्सिजनचा सिलिंडर आणला. अडीच तास चाललं ते. मुलगी वाचली. सिस्टर शुद्ध हरपल्यासारख्या परत आल्या आणि खुर्चीत पडल्या. चार वाजले होते. चार वाजता फ्रिजचं तापमान पाहून रजिस्टरात लिहायचं असतं. फ्रिज चार पावलांवर होता. सिस्टरनी बसल्या जागेवरूनच पेन उचललं आणि लिहिलं, पाच अंश. रोज पाचच असायचं. तेवढं लिहून त्या पुन्हा त्या मुलीजवळ गेल्या.

सव्वाचारला मावशी फरशी पुसायला आल्या. पायलट खुर्च्या जोडून झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी दिवा लावला नाही. अंधारातच पुसून गेल्या. साडेसहाला कचऱ्याचा डबा न्यायला आल्या तेव्हा उजेड होता. जमिनीवरचा प्लग त्यांना दिसला. "अगं बाई, माझ्या फडक्यानं निघाला वाटतं," असं पुटपुटत त्यांनी तो लावून टाकला.

सात वाजता दिवसपाळीची सिस्टर आली आणि ओरडली, "फ्रिज बारा दाखवतोय!"

आमच्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. त्यांना सगळं आठवलं होतं. दिवसपाळीची सिस्टर मेट्रनबाईंना बोलवायला धावली, तोवर पायलटनं मला उचललं आणि कपाटात जुन्या चादरींमागे कोंबलं. त्यानं ते सिस्टरसाठी केलं. त्याला ते मैत्रीचं काम वाटलं.

कपाटाच्या दारामागून मी पुढचं ऐकलं.

मेट्रनबाई आल्या. त्यांनी रजिस्टर उघडलं. "चारला पाच अंश आहे. म्हणजे जे झालं ते चारनंतर. चारनंतर या कोपऱ्यात कोण आलं होतं?"

"मी आले होते बाई, फरशी पुसायला," मावशी म्हणाल्या. "मघाशी प्लग खाली पडलेला दिसला, मीच लावला. माझ्याच हातून निघाला असणार."

प्लगचं कुणी विचारायच्या आत सांगून मोकळ्या झाल्या. गप्प राहिल्या असत्या तर कदाचित कुणाला कळलंही नसतं.

"असणार, की निघाला?"

"अंधार होता बाई. मला कळलं नाही. पण दुसरं कोण?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी वाट पाहिली. पायलटही तिथंच होता.

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

सगळ्या लसी फेकून द्याव्या लागल्या. त्या दिवशी खाली लस टोचायला बाळांना घेऊन आलेल्या आया तशाच परत गेल्या. मावशींना कामावरून कमी केलं.

त्यानंतरचे दहा दिवस मी अंधारात काढले. खोलीत सिस्टर असत, पायलट येऊन जाई, पण गप्पा नव्हत्या. तो दारातूनच विचारायचा, "खालून काही हवंय?" त्या म्हणायच्या, "काही नको." खुर्ची ओढल्याचा आवाज नाही, हसणं नाही. एकाच गुन्ह्यात सामील झालेली दोन माणसं एका खोलीत बसू शकत नाहीत, हे मला तिथं कळलं.

अकराव्या दिवशी, पाळी सुरू होताना, मावशींचा आवाज आला. आपला गणवेश धुऊन, इस्त्री करून परत द्यायला आल्या होत्या.

"सिस्टर, येते मी. माझ्यामुळे तुमच्या वॉर्डाला बट्टा लागला. मनात राग ठेवू नका."

"बसा ना मावशी," सिस्टर म्हणाल्या.

"नको. त्या लेकरांच्या आया डोळ्यांसमोर येतात हो. हातात पहिल्यासारखं भान राहिलं नाही माझ्या, दुसरं काय." चपलांचा आवाज लांब गेला.

मग दारातून पायलटचा आवाज आला, "तुमच्यासाठी लपवली मी ती किटली. तुमच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत म्हणून."

"माहितीये. मी तुझ्यावर ढकलत नाही."

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं मला त्या दिवशी. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही नाही बोललो. आता घरी मुलीनं शाळेतलं काही लपवलं तर तिला रागावता येत नाही मला."

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, चादरी बाजूला केल्या आणि मला बाहेर काढलं. रात्रभर मी टेबलावर उघडी उभी होते, टॉवेलाशिवाय. सकाळी पाळी संपल्यावर सिस्टरनी मला हातात धरलं आणि सगळ्यांच्या देखत, अख्ख्या वॉर्डातून, मेट्रनबाईंच्या खोलीपर्यंत नेलं. पायलटनं लिफ्टचं दार धरलं आणि न बोलावता मागोमाग आला.

सिस्टरनी सगळं सांगितलं. दीड वाजता काय केलं ते, आणि चार वाजता काय केलं नाही तेही.

शेवटी मेट्रनबाई म्हणाल्या, "किटलीचा मला एवढा राग नाही. चार पाळ्या सलग केल्यात, एक मूल वाचवलंत. प्लग मी समजून घेतला असता. तुमचा तो 'पाच' मला समजून घेता येत नाही. त्या आकड्यावर भरवसा ठेवून मी एका बाईला घरी बसवलं. सही माझी आहे."

सिस्टरचं प्रमुखपद गेलं. पायलटला लेखी समज मिळाली. "मावशींना परत बोलावल्याचं पत्र मी धाडते," मेट्रनबाई म्हणाल्या.

"पत्र मागून धाडा," सिस्टर म्हणाल्या. "आधी मी जाते."

मला पिशवीत घालून त्या तशाच, गणवेशात, झोप न घेता निघाल्या. एका अरुंद गल्लीच्या टोकाला मावशींचं घर. एकच खोली, बाहेर दोरीवर लंगोट आणि दुपटी वाळत घातलेली. मावशी उंबऱ्याशी भाजी निवडत बसल्या होत्या. आत त्यांची सून काही महिन्यांच्या बाळाला थोपटत होती.

मावशी गडबडीनं उठल्या. "सिस्टर, तुम्ही? अगं, पाणी आण गं."

"पाणी नको. मावशी, प्लग मी काढला होता." सिस्टरनी मला पिशवीतून काढून खाली ठेवलं. "हिच्यासाठी. तुमच्या हातून काही झालेलं नाही. मला त्याच सकाळी माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

मावशी हातातल्या भाजीसकट पुन्हा उंबऱ्याशी बसल्या. त्या चिडतील, शिव्या देतील, मला उचलून गल्लीत भिरकावतील, असं मला वाटलं. मला तेच बरं वाटलं असतं.

"दहा दिवस," त्या हळूच म्हणाल्या. "दहा दिवस मी या बाळाला उचललं नाही. मीच सुनेला सांगितलं, माझ्या हातांचा भरवसा नाही, माझ्याकडे देऊ नकोस. तिला खरं वाटलं. का नाही वाटणार? रात्री ते रडायचं, मी भिंतीकडे तोंड करून पडायची."

"मावशी..."

"मला नका सांगू. मला सांगून काय उपयोग?" त्यांनी आत बोट केलं. "तिला सांगा."

सिस्टर आत गेल्या. आपली लेक शोभेल अशा, वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलीसमोर खाली मान घालून उभ्या राहिल्या आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणाल्या. प्लग, रजिस्टर, "नाही". एक शब्दही गाळला नाही.

सून उठली, बाहेर आली आणि बाळाला सासूच्या मांडीवर ठेवलं. मावशींनी आधी नुसते हात बाजूला धरले. मग एक हात मानेखाली गेला, दुसरा पाठीखाली. बाळानं जांभई दिली. मावशी बाळाकडेच बघत राहिल्या, सिस्टरकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. सिस्टर थोडा वेळ दाराशी उभ्या राहिल्या आणि गेल्या.

मी मात्र तिथंच राहिले. सिस्टर मला न्यायला विसरल्या की मुद्दाम ठेवून गेल्या, मला ठाऊक नाही. पहिले काही दिवस कुणी हात लावला नाही. मग सुनेनं एकदा बाळाचं औषध कालवायला कोमट पाणी केलं माझ्यात. आता रोज करते. मावशी मला कधी घासत नाहीत, कधी बोलतही नाहीत. त्यांचा काय दोष? मी त्यांच्या घरातली नको असलेली पाहुणी आहे आणि मला ते मान्य आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमचं कुणी माणूस रात्री जागत असेल तर त्याला गरम काहीतरी द्या. आणि पाळीत कधी चूक झाली, तर घरी येऊन ती सांगता येईल एवढी जागाही द्या. आमच्या सिस्टरना ती जागा कुणाजवळच मिळाली नाही, की त्यांनी शोधलीच नाही, हे मी किटली काय ठरवणार!

मावशी परत रुजू झाल्यात. तोच मजला, तीच रात्रपाळी, त्यांनीच मागून घेतली. सकाळी घरी आल्या की पाय धुतात, बाळाला घेतात आणि सुनेला रात्रीची हकिकत सांगतात. आज सकाळी सुनेनं विचारलं, "आई, ती सिस्टर बोलते का तुमच्याशी?"

"बोलते की. आज पाच-सहा वाक्यं बोलली."

"आणि तुम्ही?"

मावशींनी बाळाचं दुपटं सारखं केलं. "दोन," म्हणाल्या.