जिंबेईची उसनी शेंडी

मोरीया जिंबेईचे केस गेली चार वर्षं गळत होते, पण त्या वर्षीच्या पानगळीत शेंडी बांधायला मुळी काही उरलंच नाही. आणि सामुराईला शेंडी बांधता येईनाशी झाली की त्यानं मुकाट्यानं चाकरी सोडून घरी बसायचं, हा सगळ्या जहागिरीचा रिवाज. तलवार गंजली तर चालेल, टक्कल चालायचं नाही! कुणी काढला हा रिवाज, देव जाणे. भरगच्च केसांचाच असणार मेला.

चाकरी सुटायचं जिंबेईला एवढं दुःख नव्हतं. पण तीन वर्षं हातावर वाढवलेली त्याची ससाणी, हायाते, आठवड्याभरानं धन्यांसमोर पहिल्यांदा उडायची होती. तो घरी बसला की तिला उडवणार दुसरा ससाणेवाला गोंदायू, आणि गोंदायू तिला कोंबडीसारखी धरायचा. जिंबेई रोज आरशापुढं डोकं चाचपत बसे.

शेवटी त्याच्या बायकोनं, ओतोसेनं, स्वतःची एक जाड बट कापली आणि मेण लावून त्याच्या डोक्यावर बसवली.

"अहो, मान जपून हलवा. गोंदायूला वाकून नमस्कार नका करू."

"त्याला मी एरवी तरी कुठं करतो?" जिंबेई म्हणाला.

शिकारीच्या दिवशी माळावर बोचरा वारा होता. धनी घोड्यावर होते, टोपी नेहमीसारखी हनुवटीखाली करकचून बांधलेली. तळ्यातून बदकं उठली, जिंबेईनं हात झोकला, हायाते बाणासारखी सुटली. त्याच हिसक्यानं शेंडीही सुटली आणि थेट धन्यांच्या घोड्यापुढं पडली.

हायातेनं बदक पाडलं, पण बघतोय कोण? गोंदायू खाकरला आणि मोठ्या अदबीनं त्यानं रिवाजाची आठवण करून दिली. जिंबेई गुडघ्यांवर बसला. हायातेला उडताना तरी पाहिलं, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि डोळे भरले.

धन्यांनी सगळ्यांना बदक आणायला पिटाळलं. मग घोड्यावरून खाली वाकले.

"कुणी केली ही?"

"बायकोनं, धनी. मेणही तीच उकळते. पण वाऱ्यात टिकलं नाही."

"आमचं तर जिना उतरतानाही टिकत नाही," टोपीची गाठ चाचपत धनी पुटपुटले. "आणि आमचे चिरंजीव गादीवर टपून बसलेत."

संध्याकाळी फर्मान निघालं. माळावर वारा फार, म्हणून यापुढे शिकारीत सगळ्यांनी टोप्या बांधाव्यात आणि कुणाच्या टोपीखाली काय आहे याची चौकशी करू नये. ससाणी जिंबेईच्याच हातावर राहावी. गोंदायूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

जिंबेई घरी आला तो हसतच. ओतोसे कापलेल्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, वाढतील हो परत.

"लवकर वाढव बाई," तो म्हणाला. "आता दोन शेंड्या करायच्यात."