बाबांचं नाक जागं झालं ती सकाळ

माझ्या नवऱ्याला भेटवस्तू निवडायचं अंगच नाही. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आईबाबांना त्यानं काय द्यावं? तर जुन्या बाजारातल्या खाद्यफेरीची तिकिटं. गाईडबरोबर पायी हिंडायचं, दहा दुकानांत थांबायचं, इतिहास ऐकायचा, वास घ्यायचे, चवी घ्यायच्या. आणि माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, गेले आठ महिने कसलाही वास येत नव्हता.

तापात गेला तो. ताप आठवड्यात उतरला, पण नाकाचं दुकान बंद ते बंदच. "जिभेला खारट-गोड कळतं, बाकी सगळा पुठ्ठा," असं ते म्हणायचे. दुसऱ्या कुणाचं एवढं अडलं नसतं, पण आमची बेकरी आहे. बाबा भट्टीकडे पाठ करून पीठ मळताना सांगायचे, "डावीकडचा ट्रे काढ, नाहीतर करपेल." आणि तो करपायला आलेलाच असायचा. तापानंतर एकदा ते भट्टीच्या अगदी समोर उभे असताना साठ पावांचा कोळसा झाला. धूर डोळ्यांत गेला तेव्हा त्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून ते पुढे गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला बसले आणि भट्टी माझ्या हाती आली. मला ती हवीच होती. पण अशी नको होती.

"आंधळ्याला चित्रं दाखवायला न्यायचा प्रकार आहे हा," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुरकुरल्या. बाबा मात्र शर्ट बदलून तयार. "पोरानं हौसेनं दिलंय. जाऊ या. पाय तर चालतात ना माझे?" आईंचे गुडघे धड नव्हते म्हणून तिसरं तिकीट माझं.

बाजार दोनशे वर्षांचा. उंच लोखंडी खांब, वर काचेचं छप्पर, खाली झिजून गुळगुळीत झालेल्या फरशा. गाईड पंचविशीची मुलगी होती. तिच्या हातात पिवळी छत्री, गळ्यात घड्याळ. "प्रत्येक दुकानाला बारा मिनिटं," तिनं बजावलं. "छत्री दिसली नाही तर जागेवर थांबायचं. मी येईन." आमच्याबरोबर एक नवं जोडपं होतं, सगळं एकाच चमच्यानं खाणारं, आणि एक उंच मास्तर होते. ते निवृत्त गणित शिक्षक आहेत हे त्यांनी पहिल्या मिनिटातच सांगितलं होतं. ते सगळं वहीत टिपून घेत.

पहिलं दुकान चीजवाल्याचं. त्यानं तळघरातून एक जुनं, घामट, निळसर पडलेलं चीज आणलं. झाकण उघडताच जोडपं दोन पावलं मागे सरकलं, मास्तरांची वही नाकावर गेली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा पुढे. एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा घेतला.

"वा!" चीजवाला हरखला. "तीस वर्षांत असा दर्दी पाहिला नाही!"

"खारट आहे," बाबा नम्रपणे म्हणाले.

आईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते. मग ऑलिव्ह झाले, मध झाला, मसाल्यांची गल्ली झाली. गाईड डबी पुढे करायची, "काका, काय आठवतं या वासानं?" आणि बाबा तिला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी सांगायचे. "माझी शाळा." "माझी मोठी बहीण." खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात. मला ते बघवत नव्हतं.

मसाल्यांनंतर मासळीचा चौक लागला. त्या दिवशी तिथली मोरी तुंबली होती. गाईडनं छत्री उंच धरली, नाक चिमटीत पकडलं आणि नाकातच म्हणाली, "इथं थांबायचं नाही! झपाझप चला!" आईंना हाताला धरून मी आणि बाकीचे सगळे श्वास रोखून झपाझप निघालो. चौकाच्या टोकाला जाऊन मोजलं तर एक माणूस कमी.

बाबा मोरीपाशी उभे होते. छत्री दिसत नव्हती म्हणून नव्हे. मान तिरकी करून, डोळे मिटून, कुणी दुरून हाक मारत असल्यासारखं ऐकत.

"अहो!" आई ओरडल्या. "चला ना!"

"अगं," बाबा म्हणाले, "इथं काहीतरी मेलंय."

मासळीबाजारात काहीतरी मेलंय हे सांगायला बाबांची गरज नव्हती. पण मी जागीच थबकले. आईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"काय म्हणालात?"

"मेलंय! कुजलंय! घाण, घाण वास येतोय!" बाबा आता हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "अगं, किती भयंकर आहे हा! ये, तू पण घे!"

आणि माझ्या सासूबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे आधाराशिवाय दोन पायऱ्या उतरता येत नाहीत, त्या ओल्या फरशीवरून पळत गेल्या. दोघं त्या तुंबलेल्या मोरीवर ओणवे झाले आणि गुलाबाच्या ताटव्यावर उभे असल्यासारखे छाती भरभरून श्वास घेऊ लागले.

समोरची मासळीवाली कमरेवर हात ठेवून बाहेर आली. "काय तमाशा चाललाय? मोरी तुंबली ती नगरपालिकेची चूक. माझी मासळी ताजी आहे!"

मी तिला सगळं सांगितलं. आठ महिने, ताप, बेकरी. तिनं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि आत वळून गरजली, "अगं ए, खेकड्यांची टोपली आण! सुकी कोळंबी आण! आणि तो कालचा टब, तोही आण!"

मग जे सुरू झालं त्याला खाद्यफेरी म्हणणं कठीण आहे. बाबा प्रत्येक टोपलीत नाक घालत आणि निकाल देत. खेकडे: "येतोय!" बर्फ: "काही नाही." थोडा वेळ थांबून, "नाही, लोखंडाचा येतोय!" कालचा टब: "अरे बाप रे!" आणि आजूबाजूच्या गाळ्यांतून टाळ्या. मास्तर वहीत दोन रकाने आखून "येतो" आणि "येत नाही" लिहू लागले.

गाईडनं घड्याळ पाहिलं. बारा मिनिटांची सव्वीस झाली होती. क्षणभर वाटलं आता रडते. तिनं गळ्यातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. "काका," ती म्हणाली, "कॉफीवाल्याकडे चला. लवकर!"

आता पुढे बाबा आणि मागे छत्री. कॉफीवाल्यानं ताज्या भाजलेल्या बियांची परात पुढे केली. बाबांनी हुंगलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "जळका टायर!"

कॉफीवाल्याचा चेहरा पडला. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. वास परत येईल तेव्हा वेडावाकडा येईल, नसांची जोडणी सुरुवातीला चुकते. मी ते सांगताच बाबांना आणखीच चेव आला. संत्र्याला रंगाच्या डब्याचा वास होता. दालचिनीला ओल्या पुस्तकाचा. नव्या जोडप्यातल्या नवऱ्याला, त्याची परवानगी घेऊन, बाबांनी हुंगलं आणि जाहीर केलं, "काकडी." बायको हसता हसता खाली बसली.

पुढे पावांचं दुकान होतं. बाबा दहा पावलांवर थांबले.

"नको," ते हळूच मला म्हणाले. "हा राहू दे."

"का, बाबा?"

"नाही आला तर?"

 आईंनी मात्र दुकानातून गरम पाव आणला, मधोमध फोडला आणि वाफ निघत असतानाच त्यांच्या नाकाखाली धरला. "काय व्हायचं ते होऊ दे."

बाबांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, पाववालासुद्धा.

"ओलं कुत्रं," बाबा म्हणाले.

कुणी हसेना. मग ते स्वतःच खदखदून हसले. "चाळीस वर्षं मी लोकांना ओलं कुत्रं खायला घालतोय आणि कुणी तक्रार केली नाही!" पाववाला खांबाला धरून हसला. आईंनी डोळे पुसले. मग बाबा तसेच वाकले आणि आईंच्या केसांजवळ नाक नेलं. भर बाजारात.

"अहो, काय हे! लोक बघतायत!"

"तू साबण बदललास."

"सहा महिने झाले," आई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "कसा आहे?"

"कळत नाहीये अजून. पण काहीतरी आहे. आधी तिथं कुणी नव्हतंच."

दहापैकी चार दुकानं झाली नव्हतीच. फेरी दीड तास लांबली होती, आणि तक्रार एकाचीही नव्हती. निरोप घेताना गाईडनं बाबांना वाकून नमस्कार केला, तेवढ्यात बाबांनी तिची छत्री हुंगून घेतली.

परतताना बसमध्ये आई खिडकीशी, बाबा त्यांच्या शेजारी, मी मागे. बाबांचं नाक चालूच. पुढच्या माणसाचं जाकीट: "कपाट." सीटचं रेक्झिन: "दवाखाना." आई लाजून म्हणायच्या, "हळू बोला," आणि लगेच, "आता कसला येतोय?"

घर तीन थांबे दूर असताना रस्त्यावर डांबर टाकत होते. खिडकीतून गरम, काळा, जड वास आत शिरला आणि बाबा ताडकन उठले.

"हा बरोबर येतोय! अगदी जसाच्या तसा! उतरा, उतरा!"

आम्ही उतरलो. बाबांनी आईंचा हात धरला आणि दोघं वाफाळत्या डांबराच्या कडेला जाऊन उभे राहिले. रोलरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि वरून विचारलं, "काही हरवलंय का, आजोबा?"

"नाही नाही, चालू द्या तुमचं," बाबा म्हणाले, "आम्ही जरा उभे राहतो."